चौकच्या कपाटातले फेरफार

ताई गेली त्यानंतर चार महिने मी तिच्या टेबलाला हात लावला नाही. टेबलावर तिचा लॅपटॉप होता, चष्म्याची डबी होती आणि वाचनालयाचा लंबगोल शिक्का असलेलं, किनाऱ्यावरच्या पक्ष्यांचं एक पुस्तक होतं. पुस्तक परत करायला हवं असं रोज वाटायचं आणि रोज राहून जायचं. धूळ मात्र मी पुसत होते, वस्तू न हलवता, त्यांच्या कडेकडेने.

हात लावावा लागला तो वाचनालयाच्या सेक्रेटरींमुळे. हे वाचनालय भाईंदर पश्चिमेला मोरव्याच्या रस्त्यावर दोन खोल्यांत चालतं. ताई विमा कंपनीत कॉम्प्युटर विभागात होती आणि सुट्टीच्या दिवशी वाचनालयाचा प्रोग्रॅम लिहायची. सभासद, पुस्तकं, कोणी काय नेलं, कधी आणलं, सगळं त्यात. मी कनिष्ठ महाविद्यालयात हाच विषय शिकवते. म्हणजे पुस्तकातलं शिकवते. खरं काम ताई करायची.

सेक्रेटरी काका फोनवर आधी माझी चौकशी करत राहिले, मग घसा खाकरून मुद्द्यावर आले. उत्तनजवळच्या चौक गावात वाचनालयाची एक छोटी शाखा होती. छप्पर गळायला लागलं, रजिस्टर सांभाळणारे गृहस्थ थकले, आणि शाखा बंद पडली. आता गावाने खोली दुरुस्त केली होती आणि त्या गृहस्थांची सून ती चालवायला तयार होती. तीन आठवड्यांनी, रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर उघडायचं ठरलं होतं.

"रजिस्टर वाळवीने वाचून संपवलं, बाई," काका म्हणाले. "आता जे काय आहे ते कपाटातल्या कॉम्प्युटरमध्ये. तो चालू होत नाही. आणि सुनेने गावात सांगून ठेवलंय की प्रत्येकाचा जुना नंबर तोच राहील."

हे शेवटचं वाक्य त्यांनी जरा हळू आवाजात सांगितलं, कारण चौकला सभासद क्रमांक ही साधी गोष्ट नाही. तिथे माणूस गेला की त्याचा क्रमांक घरातल्या दुसऱ्या कुणाकडे जातो. आजोबांचा नंबर नात वापरते. शाखा बंद पडली तेव्हा घराघरांत पुस्तकं राहिली होती. कोणत्या नंबरावर कोणतं पुस्तक, हे फक्त त्या कपाटात होतं. ते मिळालं नाही तर एकपासून मोजायला लागायचं, आणि सुनेचा शब्द पहिल्याच दिवशी खोटा पडायचा.

मी बघते म्हणाले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की चार महिन्यांत कुणाला काही कबूल करण्याची ही पहिलीच वेळ.

माझी एक जुनी विद्यार्थिनी नया नगरला राहते आणि घरूनच एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम करते. तिने कपाटातल्या कॉम्प्युटरची डिस्क काढून तिच्यातली माहिती उतरवून दिली. एकशे त्रेचाळीस सभासद होते. मग तिनेच सुचवलं की मोरव्याच्या प्रोग्रॅमचा आजचा साचा उचलायचा, त्यात चौकची माणसं ओतायची, संपलं काम. आम्ही तसं केलं. दहा मिनिटं लागली. पहिला सभासद उघडून पाहिला तर पडद्यावर आलं: वडिलांचे नाव, पायरीवाले. दुसऱ्याचं वडिलांचं नाव चिंचेखालचे. तिसऱ्याचं सरळ नीट वडिलांचं नाव. चौथ्याचं कप्तान.

"मिस, ये कप्तान कौन है? नाव आहे की नोकरी?" तिने विचारलं, आणि आम्ही दोघी हसलो. मी हसले याचं मला नंतर आश्चर्य वाटलं.

काय झालं होतं ते काकांनी सांगितलं. चौकला एकाच नावाआडनावाची चार चार माणसं. त्यांना ओळखायचं ते घरावरून. प्रोग्रॅममध्ये घरासाठी रकाना नव्हता, म्हणून रजिस्टर सांभाळणाऱ्या गृहस्थांनी वडिलांच्या नावाच्या रकान्यात घराची ओळख लिहिली, आणि जिथे गरज नव्हती तिथे वडिलांचं नाव लिहिलं. त्यांना कधी गोंधळ झाला नाही. ते सगळ्यांना ओळखत होते.

मला मात्र एकशे त्रेचाळीसमधलं घर कोणतं आणि वडील कोणते हे कळत नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजला जायच्या आधी मी ताईचा लॅपटॉप उघडला आणि तिचे फेरफार वाचायला बसले.

फेरफार हा तिचा शब्द. प्रोग्रॅमची माहिती तक्त्यांत असते, आणि तक्त्यात बदल करायचा तर तो हाताने करायचा नसतो. एक छोटी फाइल लिहायची: अमुक रकाना वाढवा, तमुक माहिती इकडून तिकडे न्या. फायलींना क्रम असतो. प्रोग्रॅम दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेला की त्या पहिलीपासून ओळीने चालतात आणि तक्ते जसे वाढत गेले तसे पुन्हा वाढतात. सगळं जग याला मायग्रेशन म्हणतं. ताई म्हणायची, जमिनीच्या उताऱ्यावर फेरफार चढतो ना, तसं हे. उतारा आजचं चित्र दाखवतो. तो असा का झाला ते फेरफारात वाचायचं.

असे चाळीस फेरफार होते. चौकचा कॉम्प्युटर नवव्याला बंद पडला होता. म्हणजे त्या कपाटात वाचनालय नवव्या पायरीवर थांबलं होतं, आणि मोरव्याचं पुढे एकतीस पायऱ्या चढून गेलं होतं.

मी दहाव्यापासून वाचत गेले. प्रत्येक फाइलमध्ये ताईने वर दोन ओळी लिहिल्या होत्या, कशासाठी हा बदल. अकरावा: दिवाळी अंक पंधरा दिवसांऐवजी सातच दिवस द्यायचे, कारण रांग लागते. चौदावा: पानं फाटलेल्या पुस्तकांना वेगळी खूण, "नाहीतर शेवटी नेणाऱ्यावर आळ येतो." सोळावा: नंबर माणसाचा की घराचा, हे शाखेने ठरवावं. ओळखीचा आवाज शेजारच्या खोलीतून येत राहावा तसं ते वाचन होतं. चहा उतू गेला. मी गॅस बंद करून पुन्हा येऊन बसले.

तेविसाव्या फाइलपाशी मी उभी राहिले. खरोखर खुर्चीवरून उठून उभी राहिले. त्या फेरफाराने घराच्या ओळखीसाठी वेगळा रकाना केला होता, आणि वडिलांच्या रकान्यात चुकून लिहिलेली घरं तिकडे हलवली होती. कोणती घरं हलवायची त्याची यादीच फाइलमध्ये होती. मोरव्याची नऊ घरं, आणि खाली आणखी एकतीस. पायरीवाले. चिंचेखालचे. विहिरीकडचे. कप्तान. सगळी चौकची. यादीच्या वर ताईने लिहिलं होतं: "ही घरं मोरव्यात सापडणार नाहीत. ही चौकच्या कपाटासाठी. कधीतरी कोणीतरी उघडेल."

चौकची शाखा तेव्हा बंद होऊन वर्ष झालं असावं. त्या बंद कॉम्प्युटरला कधी या पायऱ्या चढाव्या लागतील म्हणून तिने गावात बसून घरं विचारून घेतली होती, आणि यादी जिथे लागेल तिथेच ठेवून दिली होती.

त्या दिवशी कॉलेजात मी दोन तास काय शिकवलं ते मला आठवत नाही. संध्याकाळी विद्यार्थिनीला फोन करून यादी वाचून दाखवली. तिने ती शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाली, "आणि मी म्हणत होते जुन्या फायली नकोत, आजचा साचा पुरे."

आता फक्त फेरफार चालवायचे होते, आणि तिथेच घोडं अडलं. ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे ज्या तयार चौकटीवर हा प्रोग्रॅम उभा आहे, तिची नवी आवृत्ती आली होती. प्रत्येक फेरफाराच्या पहिल्या ओळीत तो कोणत्या आवृत्तीच्या नियमांनी लिहिलाय हे नोंदलेलं असतं, आणि फ्रेमवर्क इतकी वर्षं जुन्याला जुन्या नियमांनी वागवत आलं होतं. आता सगळ्यात जुने नियम काढून टाकले होते. दहा ते सत्तावीस या अठरा फायली त्याच नियमांतल्या. नवी आवृत्ती त्या वाचायलाच तयार नव्हती. जुनी आवृत्ती आणून चालवावी तर ती आजच्या कॉम्प्युटरवर बसेना. विद्यार्थिनीने दोन दिवस खटपट केली आणि हात टेकले.

हे अचानक झालं नव्हतं. ताईच्या पडद्यावर मी वर्षानुवर्षं पिवळ्या ओळी पाहिल्या होत्या: ही सोय पुढे बंद होणार आहे. मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाली, "सूचना आहे, नोटीस नाही." नोटीस यायच्या आधी ती गेली.

मला वाटलं, पहिलीच ओळ तर बदलायची आहे. मी अठराही फायलींतला जुना आकडा एका फटक्यात काढून नवा घातला आणि चालवलं. दहावी चालली. अकरावी चालली. बारावीवर सगळं थांबलं आणि लाल अक्षरं आली. मी घाईने पुन्हा चालवलं, जणू दुसऱ्यांदा ती ऐकेल. विद्यार्थिनी फोनवर म्हणाली, "मिस, तुम्हीच आम्हाला सांगायचात. एरर आधी वाचायची, मग रडायचं."

मी वाचली. बाराव्या फेरफारात सभासदांच्या तक्त्याला नोंदीच्या वेळेचा रकाना जोडला होता. जुन्या नियमांत असा रकाना रिकामा राहिला तरी चालायचा. नव्यांत तसं सांगितल्याशिवाय चालत नाही. चौकच्या एकशे त्रेचाळीस माणसांच्या नोंदीची वेळ कुणी लिहून ठेवली नव्हती, आणि नवा नियम त्यांना दारातून आत घेत नव्हता.

म्हणजे पहिली ओळ बदलून भागणार नव्हतं. ताईने लिहिलं नव्हतं, कारण लिहायची गरज नव्हती, असं जे जे होतं ते शोधून आता शब्दांत लिहायला हवं होतं. मी बारावीत एक शब्द वाढवला: रिकामं चालेल. चालवलं. बारावी झाली. तेरावी झाली.

पुढचे दहा दिवस मी असे जगले की त्याची मला जराशी लाज वाटते. घरात सुतक संपलं तरी माझं संपलं नव्हतं, आणि इकडे पहाटे साडेपाचला मी उडी मारून उठत होते. तोंड धुवायच्या आधी मनात फायलीचा आकडा असायचा. आज सतरा. आज सतरा आणि अठरा. मूळ माहितीची प्रत घ्यायची, दहाव्या पायरीपासून चालवायचं, जिथे अडेल तिथे थांबायचं, ताई काय गृहीत धरून चालली होती ते ओळखायचं, लिहायचं, पुन्हा दहाव्यापासून. पडद्यावर एकाखाली एक ओळी उतरायच्या, झालं, झालं, झालं, आणि कालच्या जागेच्या पुढे एक जरी ओळ उतरली की माझ्या छातीत धडधडायचं. बसस्टॉपवर मला हसू यायचं. स्टाफरूममधल्या एका बाईंनी विचारलं, काही चांगली बातमी आहे का. मी म्हटलं, एकोणीस झाली. त्या पुढे काही विचारायच्या थांबल्या.

बाविसाव्यावर तीन दिवस गेले. तिथे ताईने एक जुनी सोय वापरली होती जिचा आता पत्ताच नव्हता, आणि मला सगळं मुळातून लिहावं लागलं. तिची पद्धत माझ्याहून आटोपशीर होती. माझी फाइल दुप्पट लांब झाली. वरच्या तिच्या दोन ओळींखाली मी माझी एक ओळ घातली, हे नव्या नियमांसाठी बदललं. मग बराच वेळ त्या तीन ओळी बघत बसले.

तेविसावी चालवण्याआधी मी तिचा खालचा भाग वाचला. प्रत्येक फेरफाराला दोन भाग असतात, पुढे जायचा आणि मागे यायचा. केलेलं उलटवावंसं वाटलं तर कसं उलटवायचं ते दुसऱ्या भागात लिहायचं. ताई हा भाग कधी टाळायची नाही. तेविसाव्यात मात्र त्या जागी एकच ओळ होती: इथून मागे फिरता येत नाही. घर वेगळं काढलं की आधी कुणी कुठे काय लिहिलं होतं ते परत सांगता येणार नाही, म्हणून. कामाची सूचना होती ती. मी ती दोनदा वाचली आणि फाइल चालवली.

एकशे त्रेचाळीसपैकी जी घरं होती ती घरांच्या रकान्यात गेली. वडील वडिलांच्या जागी राहिले. कप्तान हे घर निघालं.

उद्घाटनाच्या आधीच्या गुरुवारी चाळिसाव्याची ओळ उतरली. मी विद्यार्थिनीला फोन लावला. तिनेच विचारलं, "हो गया, मिस?" मी हो म्हटलं. ती फोनवर कुणाला तरी मोठ्याने सांगायला लागली, बहुतेक तिच्या आईला, की मिसचं झालं.

फक्त एक नोंद विचित्र उरली होती. क्रमांक अठ्ठावन्न. नाव, नुसतं बाय, कुठल्याही बाईला हाक मारावी तसं. वडिलांचं नाव, बसवाली. आडनाव रिकामं. घर असावं तर ताईच्या यादीत नव्हतं. वडील तर नक्कीच नव्हते. एक पुस्तक त्या नंबरावर बाकी होतं, पण जुन्या नोंदीत पुस्तकाचा नुसता आकडा होता, आणि आकड्यांची वही वाळवीने नेलेली. एक चूक सोडायला हरकत नव्हती, पण एकशे बेचाळीस नीट लागल्यावर ती एक डोळ्यांत खुपत राहिली. विचारूनच टाकायचं ठरवलं.

रविवारी मी भाईंदरहून बसने चौकला गेले. खोलीला नवा रंग होता, आणि बाहेर सुकत घातलेल्या बोंबलांचा वास आत येत होता. मिस्साहून परतलेली माणसं चांगल्या कपड्यांत दाराशी उभी होती, कुणाच्या हातात पुस्तकं वर्तमानपत्रात गुंडाळलेली. शाखा चालवणारी सून माझ्याच वयाची, पन्नाशीतली. ती पडद्याकडे बघून नंबर वाचायची आणि पडद्याकडे न बघता घर सांगायची. प्रत्येक वेळी दोन्ही जुळायचं. सेक्रेटरी काका माझ्याकडे बघून मान हलवत होते. एका म्हातारीने विचारलं, आमच्या म्हाताऱ्याचा नंबर हाय का अजून. होता. तिने तो नातीच्या नावावर करून घेतला आणि नातीला पुढे ढकललं.

गर्दी जरा पांगल्यावर मी अठ्ठावन्न उघडून सुनेला विचारलं, हे कोणतं घर.

तिने वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. "तुला म्हायत न्हाय? ती तुझी भैन. दर रविवारी बसनं यायची. इकडं तिचा घर न्हाय, मग सासऱ्यानं काय लिवायचा? लिवला बसवाली."

ताईने गावातली एकतीस घरं विचारून लिहून घेतली, आणि तिचं बत्तिसावं तिला यादीत घालावंसं वाटलं नाही. किंवा तेही एक घर आहे हे तिला कुणी सांगितलंच नसेल.

"पुस्तक हाय तिच्याकडं," सून म्हणाली. "पक्ष्यांचा. खाजणातली पाखरं बघायला न्हेला व्हता. मी म्हटलं ठेव, खोली उघडली की आण."

मी म्हटलं, आहे. घरी टेबलावर आहे. चार महिने मी त्याच्याभोवतीची धूळ पुसत होते, हे काही सांगितलं नाही.

तिने कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. "नंबर तुझ्यावर कर मग. घरातल्याच माणसाचा असतो."

मी बसले. बसवाली हा शब्द वडिलांच्या रकान्यातून काढला आणि घराच्या रकान्यात लिहिला. वडिलांच्या जागी आमच्या वडिलांचं नाव लिहिलं. नावाच्या जागी बाय होतं, ते पुसताना बोट क्षणभर थांबलं. मग माझं नाव लिहिलं.

"पुस्तक पुढल्या रविवारी घेऊन येते," मी म्हटलं.

"ये. पण जुना नंबर हाय म्हणून उशीर चालंल असा समजू नको," ती म्हणाली, आणि माझ्या खांद्यावरून वाकून पुढच्या माणसाला हाक मारली.